दूरच्या मशीनवरची विंडो उघडत नाही? या चुका टाळा

एसएसएचने दूरच्या लिनक्स मशीनवर शिरायचं, ग्राफिकल प्रोग्रॅम सुरू करायचा आणि ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ हा एरर बघून नेटवर्कला दोष द्यायचा, असं बऱ्याच जणांचं होतं. खरा घोळ असतो तो सर्व्हर कुठला, या समजुतीत. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिममध्ये सर्व्हर तुमच्यासमोरच्या मशीनवर चालतो, कारण स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस त्याच्या ताब्यात असतात. दूरचा प्रोग्रॅम हा क्लायंट. ‘इथे रेघ ओढ, इथे हे चित्र लाव’ अशा विनंत्या तो पाठवतो. विंडो उमटते ती तुमच्याकडे.

विनंत्या कुठे पाठवायच्या, हे दूरच्या मशीनवरचं डिस्प्ले व्हेरिएबल (सिस्टिममधली एक नाव दिलेली किंमत) सांगतं. एसएसएचला कॅपिटल एक्सचा ऑप्शन दिलात, तर दूरच्या मशीनवर ते सहसा ‘लोकलहोस्ट:१०.०’ असं आपोआप भरलं जातं. दूरच्या मशीनवर शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये कुणीतरी पूर्वी ‘:०’ लिहून ठेवलेलं असेल, तर ते या किमतीची जागा घेतं आणि विनंत्या त्या दूरच्या मशीनच्याच स्क्रीनकडे वळतात. म्हणून आधी इको कमांडने ती किंमत छापून बघा. हाताने भरलेली ओळ सापडली तर काढून टाका.

‘एक्सहोस्ट प्लस’ या कमांडचा उपाय मात्र कृपा करून वापरू नका. त्याने परवानगीची तपासणीच बंद होते आणि तुमच्या डिस्प्लेपर्यंत पोहोचणारा कुठलाही प्रोग्रॅम तुम्ही टाइप करत असलेला पासवर्ड वाचू शकतो. सुडोनंतर, म्हणजे रूट (प्रशासक) म्हणून प्रोग्रॅम चालवल्यावर विंडो उघडत नसेल, तर बहुधा रूटकडे तुमची एक्सऑथ कुकी, म्हणजे डिस्प्ले वापरायची गुप्त किल्ली, नसते. तेवढीच द्या.

विंडो उघडते पण रखडते, तेव्हा लोक बँडविड्थ वाढवतात. स्थानिक प्रोग्रॅम चित्र शेअर्ड मेमरीतून थेट सर्व्हरला देऊ शकतो. दूरच्याला ती सोय नाही. त्यातून प्रोग्रॅम प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबत असेल, तर ५० मिलिसेकंदांच्या २०० फेऱ्यांतच (प्रश्न जाऊन उत्तर परत येणं ही एक फेरी) १० सेकंद जातात. लाइन कितीही रुंद केली, तरी फेरी लवकर होत नाही. अशा वेळी व्हीएनसी किंवा एक्सप्रा ही दूरची स्क्रीन दाखवणारी साधनं वापरा: चित्र तिकडेच तयार होतं, इकडे फक्त पिक्सेल येतात.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या पद्धतीच्या प्रोटोकॉलमध्ये नेटवर्कवरून चित्र पाठवायची सोयच नाही. वेलँडच्या प्रोग्रॅमसाठी एसएसएचच्या एक्स ऑप्शनशी झटापट न करता वेपाइप हे त्यांच्या विंडो नेटवर्कवरून आणणारं साधन बसवा.