भरीव गोलाचा एकूण विद्युतप्रभार दोन तृतीयांशच येत असेल तर : माझा अनुभव

प्रभार घनता केंद्रापाशी शून्य आणि पृष्ठभागाकडे त्रिज्येच्या प्रमाणात वाढत जाणारी, अशा १० सेंटिमीटर त्रिज्येच्या भरीव गोलाचा एकूण प्रभार मला काढायचा होता. पृष्ठभागावरील घनता ४ मायक्रोकूलोम प्रति घनमीटर होती. उत्तर १२.५७ नॅनोकूलोम अपेक्षित असताना ८.३८ येत राहिले. एकके तपासली, पायचे दशांश वाढवले. फरक पडला नाही आणि वैताग मात्र आला.

सरासरी घनता गुणिले घनफळ ही वाट सोडल्यावर गणित सुटले. प्रथम r त्रिज्येचे, dr जाडीचे पातळ कवच घ्यावे. त्याचे घनफळ ४πr²dr. त्याला त्या जागेच्या घनतेने, म्हणजे ρ₀r/R ने (ρ₀ ही पृष्ठभागावरील घनता, R ही गोलाची त्रिज्या) गुणावे आणि मगच शून्यापासून R पर्यंत संकलन करावे. उत्तर πρ₀R³ येते. बाहेरच्या कवचांचे घनफळ मोठे असल्याने खरी सरासरी ρ₀/२ नसून ३ρ₀/४ असते.

L लांबीच्या दंडगोलासाठी कवचाचे घनफळ २πrL dr घ्यावे. तेथे सरासरी २ρ₀/३ मिळते. एका टोकापासून सम प्रमाणात घनता वाढणाऱ्या बारीक सरळ तारेला मात्र निम्मी सरासरी चालते, आणि बहुधा तिथूनच ही सवय लागते.