मॅप लावून कोकणात गाडी घेऊन येताय? निघण्याआधी हे वाचा

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या पुढे. नारळी-पोफळीच्या वाडीत पाहुण्यांसाठी थोड्या खोल्या बांधल्या आहेत. पुण्या-मुंबईहून, कोल्हापुराहून गाडी घेऊन येणाऱ्यांना शेवटचा रस्ता फोनवर मीच सांगते. मॅप कुठे कामाला येतो आणि कुठे लोकांना अडकवतो, ते त्यामुळे रोज ऐकायला मिळतं.

जीपीएस नसता तर यातले निम्मे लोक आमच्याकडे आलेच नसते. पूर्वी नवखा माणूस दापोली एसटी स्टँडच्या आसपास लॉज बघायचा आणि तिथूनच परत जायचा. आता लहान पोरं नि म्हातारे आईवडील घेऊन माणसं आमच्या फाट्यापर्यंत येतात, कारण पुढचं वळण दाखवणारं कोणीतरी सोबत आहे असा भरवसा त्यांना असतो. तो भरवसा टिकावा म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमचा फोन किंवा गाडीतला स्क्रीन उपग्रहांकडून फक्त वेळेचे संदेश ऐकतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात, आणि त्यातल्या किमान चारांचा संदेश मिळाला की तुम्ही कुठे आहात हे फोनला काढता येतं. त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि ट्रॅफिक बघायला. म्हणून ताम्हिणीत रेंज गेली की निळा ठिपका चालत राहतो, पण त्याच्याखालचा नकाशा कोरा होतो. लोक म्हणतात जीपीएस बंद पडला. बंद काहीच पडलेलं नसतं, नकाशा घरून आणलेला नसतो एवढंच.

तेव्हा पहिलं काम घरच्या वायफायवर करा. गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टॅप केलं की ‘ऑफलाइन मॅप्स’ दिसतं. तिथे चौकट ओढून मुळशी ते माणगाव, महाड, मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण एवढा पट्टा उतरवून ठेवा. रस्ता चुकलात तर रेंज नसतानाही तो नवा मार्ग काढून देतो. पुढे गाड्या तुंबल्या आहेत का, हे मात्र त्याला तेव्हा कळत नाही.

दुसरं काम, यजमानाकडून पिन, म्हणजे मॅपवर जागेची अचूक खूण, मागवा. गावाचं नाव टाइप करून निघू नका. शिरगाव तळेगावजवळ आहे, रत्नागिरीला आहे, देवगडला आहे, पालघरलाही आहे. मुंबईचं गोरेगाव सगळ्यांना माहीत, पण माणगाव तालुक्यातलं गोरेगाव आमच्या वाटेवर लागतं. नावच टाकायचं असेल तर तालुका जोडून टाका, आणि ‘स्टार्ट’ दाबण्याआधी बोटाने नकाशा लहान करून संपूर्ण रस्ता एकदा नजरेखालून घाला. कोणता घाट, कोणतं मोठं गाव, नदी कुठे ओलांडायची, एवढं डोक्यात असलं की मशीन गडबडलं तरी तुम्ही गडबडत नाही.

आता पिन, कारण सगळ्यात जास्त फोन याच्यापायी येतात. मॅपला तुमचं घर कळत नाही, त्याला रस्त्याची रेघ कळते. पिन जिथे टोचली असेल त्याच्या सगळ्यात जवळची रेघ तो शोधतो आणि गाडी तिथे नेतो. आमच्या घराचं पुढचं दार खालच्या डांबरी रस्त्याला आहे, पण परसामागून एक पाखाडी जाते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगा म्हणजे दगडी कुंपण, शेवाळ. माणसांची आणि गुरांची वाट. नकाशावर तिची रेघ रस्त्यासारखीच होती आणि आमच्या पिनपासून ती डांबरी रस्त्यापेक्षा जवळ होती. त्यामुळे गाड्या वरच्या वाडीत जायच्या, पाखाडीच्या तोंडाशी थांबायच्या, आणि गडग्यांमधून रिव्हर्स घेता घेता आरसे घासायच्या. शेवटी मी फोन घेऊन खाली फाटकासमोर, डांबरावर उभी राहिले आणि तिथलं लोकेशन पाहुण्यांना पाठवायला लागले. तेव्हापासून हा त्रास संपला. तुम्हीही यजमानाला स्पष्ट सांगा, “जिथे गाडी लावायची तिथे उभं राहून लोकेशन पाठवा.” प्लस कोड, म्हणजे मॅप त्या जागेला देतो तो अक्षरा-आकड्यांचा छोटा पत्ता, मिळाला तर उत्तमच. जिथे रस्त्याला नाव नाही आणि घराला नंबर नाही, तिथे त्या सहा-सात अक्षरांचा फार आधार वाटतो.

त्याचबरोबर गाडीचं चिन्ह निवडलेलं आहे ना, ते बघा. भारतात 2017 च्या अखेरीपासून मॅपमध्ये दुचाकीचा वेगळा पर्याय आहे. ऑफिसला स्कूटरवर जाणारी माणसं तोच ठेवून कारने निघतात, आणि मॅप त्यांना मोटारसायकलची गल्ली दाखवतो. दोन सेकंदांचं काम आहे, विसरू नका.

घाटाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. भोरवरून वरंध घाटाने महाड गाठणं नकाशावर सोपं दिसतं, पण पावसाळ्यात तो घाट दरडींमुळे बंद ठेवतात, आणि बंदचा फलक घाटाच्या तोंडाशी असतो, स्क्रीनवर असेलच असं नाही. आंबेत-म्हाप्रळचा सावित्रीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हाही कितीतरी गाड्या पुलापाशी येऊन मागे वळल्या. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री मॅपच्या भरवशावर निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि एकाचा बुडून जीव गेला. समोर पाणी, माती किंवा आडवे दगड दिसले की मॅप काय म्हणतो ते ऐकायचंच नाही. गाडी थांबवायची, मागे यायचं.

मॅपने सुचवलेला आडरस्ता घ्यावा की नाही, यासाठी माझी एकच कसोटी आहे. टपरीवर थांबा आणि विचारा, “दादा, या रस्त्यानं एसटी जाते का?” जाते म्हणाले तर बिनधास्त निघा. “जीप जाते हो,” असं उत्तर आलं तर मोठ्या रस्त्यानेच या, वीस मिनिटं जास्त लागू देत. “हा रस्ता बरोबर आहे ना?” असं विचारू नका. आमच्याकडची माणसं भिडस्त, पाहुण्याला नाही म्हणवत नाही, ती हो म्हणतात.

गणपतीच्या दिवसांत आणखी एक होतं. मॅप ट्रॅफिक ओळखतो तो रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून. महामार्ग तुंबला की सगळ्यांना तोच शॉर्टकट सुचवतो, आणि एक गाडी जेमतेम जाईल अशा गावरस्त्यावर समोरासमोर रांगा लागतात. ‘दहा मिनिटं वाचतील’ असं दिसलं तर मुळीच वळू नका. तासाभराचा फरक असेल तरच विचार करा.

फेरीबोटीचं गणित आधी मांडा. हरिहरेश्वरहून आमच्याकडे येताना बागमांडला-वेश्वी, आणि आमच्याकडून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे, अशा गाडी चढवायच्या बोटी आहेत. त्या घेतल्या नाहीत तर गुहागरसाठी खेड-चिपळूणचा मोठा वळसा पडतो. मॅप बोटीसकट वेळ सांगतो, पण धक्क्यावरच्या गाड्यांची रांग त्याच्या हिशेबात धरू नका. शेवटची फेरी कधी सुटते ते फोन करून विचारा. रात्री उशीर झालाच तर सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ सुरू करा, नाहीतर काळोखात बंद धक्क्यावर येऊन उभे राहाल.

गाडीतच बसवलेल्या नेव्हिगेशनबद्दल थोडं. बोगद्यात फोनचा ठिपका अडखळतो. गाडीतल्या चांगल्या यंत्रणा चाकांच्या वेगावरून आणि वळणावरून अंदाज बांधत पुढे जातात, ही त्यांची मोठी सोय. पण त्यांचा नकाशा कोणी अपडेट करत नाही. कशेडीच्या नव्या बोगद्यातून जाताना जुन्या नकाशाच्या गाडीत बाण डोंगरातून चाललेला दिसतो आणि बाई सारखी ‘यू-टर्न घ्या’ म्हणत राहते. सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा नकाशा अपडेट आहे का ते विचारून घ्या. नाहीतर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले जोडा, म्हणजे फोनचाच नकाशा मोठ्या स्क्रीनवर येतो.

एकावर एक रस्ते असतील तिथे सगळीच यंत्रं कच्ची पडतात, कारण पुलावर आणि पुलाखाली तुमची जागा नकाशावर जवळजवळ एकच असते. पुण्याचा चांदणी चौक ऑगस्ट 2023 मध्ये नव्याने खुला झाला, तेव्हापासून मुळशीकडे वळणारे कित्येक जण तिथेच रॅम्प चुकतात. अशा ठिकाणी स्क्रीनकडे न बघता वरचे फलक वाचा. फलक निळा-हिरवा, मोठ्या अक्षरांत, आणि तो जागेवर उभा आहे.

फोन डॅशबोर्डवर खाली, एसीच्या झोतासमोर लावा. काचेला चिकटवलेला फोन मे महिन्यात तापून बंद पडतो. चार्जर घ्याच. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यापुरता वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. त्यामुळे पत्ता बदलणं, मला फोन लावणं ही कामं शेजारी बसलेल्याने करायची. एकटे असाल तर कडेला थांबा.

आणि रस्ता चुकीचा दाखवला असेल तर घरी गेल्यावर तक्रार नक्की टाका. त्या रेघेवर टॅप करून ‘सजेस्ट ॲन एडिट’मध्ये जायचं, रस्ता बंद आहे की गाडीसाठी नाही ते निवडायचं, आणि जमलं तर फोटो जोडायचा. मी आमच्या पाखाडीचा फोटो असाच पाठवला होता, पायऱ्या स्पष्ट दिसतील असा. आमच्या एकटीच्या तक्रारीपेक्षा त्या वाटेने आलेल्या दहा जणांनी कळवलं तर ती रेघ लवकर दुरुस्त होईल.