परदेशात भाड्याने घेतलेली गाडी आणि न केलेल्या नुकसानीचे बिल

परदेशात भाड्याने घेतलेली गाडी परत करून आपण घरी येतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी कंपनीची ई-मेल येते की गाडीच्या एका रिमवर ओरखडा आढळला असून त्यापोटी अमुक इतकी रक्कम आपल्या क्रेडिट कार्डावरून वसूल करण्यात आली आहे. सोबत अगदी जवळून काढलेला एक फोटो असतो; त्यात ओरखडा स्पष्ट दिसतो, मात्र गाडीचा नंबर दिसत नाही. आपल्या हातून तो पडलेला नाही याची आपल्याला खात्री असते, पण ते दाखवायला जवळ काहीच नसते.

अशा प्रत्येक वेळी कंपनीने ठरवून फसवले असेल, असे मला वाटत नाही. एकच गाडी महिन्याभरात अनेकांच्या हातांतून जाते, गर्दीच्या दिवसांत ती परत येताच धुऊन पुढच्या ग्राहकाला दिली जाते, आणि कोणीही नीट न पाहिलेला ओरखडा अखेर ज्याच्या वेळी नजरेस पडतो त्याच्या माथी मारला जातो. कारण काहीही असो, वाद झाला तर निकाल दोन क्षणांच्या नोंदींवर लागतो: किल्ली हातात घेतली तेव्हा गाडी कशी होती आणि किल्ली परत दिली तेव्हा ती कशी होती. या दोन्ही नोंदी आपल्याकडे असतील तर अन्यायकारक आकारणी सहसा टिकत नाही.

तरीही सुरुवात आरक्षणापासूनच करावी लागते. युरोपात भाड्यामध्ये बहुधा ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ म्हणजे सी.डी.डब्ल्यू. धरलेले असते, अमेरिकेत ते पुष्कळदा वेगळे घ्यावे लागते. ऐकताना तो विमा वाटतो, पण प्रत्यक्षात ती फक्त कंपनीने दिलेली सवलत असते: टक्कर झाली तर ठरावीक रकमेपलीकडची वसुली आम्ही तुमच्याकडून करणार नाही, एवढाच तिचा अर्थ. ती ठरावीक रक्कम म्हणजे ‘एक्सेस’. युरोपात ती हजार-दोन हजार युरोंच्या घरात असणे नवलाचे नाही, आणि गाडी देतानाच ती कार्डावर अडवून ठेवली जाते. त्यामुळे मुख्य चालकाच्या नावाचे आणि पुरेशी मर्यादा असलेले क्रेडिट कार्ड सोबत नसेल, तर काउंटरवर महागडे जादा संरक्षण घ्यावे लागण्याची किंवा गाडीच नाकारली जाण्याची शक्यता असते.

या सवलतीतून काय काय वगळलेले आहे, ते आरक्षणाच्या अटींत अवश्य वाचावे. टायर, रिम, काचा, छत, गाडीचा खालचा भाग, हरवलेली किल्ली आणि चुकीचे इंधन भरल्याने होणारे नुकसान या गोष्टी बऱ्याचदा वगळलेल्या असतात, आणि नेमक्या याच गोष्टींना सर्वाधिक इजा होते. प्रदेशानुसारही अटी बदलतात. आइसलँडमध्ये खडी उडून, वाळू-राखेच्या वादळाने किंवा जोरदार वाऱ्याने दार उलटे फिरून होणारे नुकसान नेहमीच्या संरक्षणात सहसा येत नाही, आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेले तर ते जवळपास नेहमीच चालकाच्या अंगावर येते. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडसारख्या काही रस्त्यांवर गाडी नेण्यास कंपन्या मनाई करतात. अशा रस्त्यावर गाडी नेली तर पैसे भरून घेतलेले संरक्षणही लागू होत नाही. आवश्यक तो आंतरराष्ट्रीय परवाना जवळ नसणे किंवा करारात नाव नसलेल्या व्यक्तीने गाडी चालवणे, याचाही परिणाम तोच होतो.

एक गैरसमज फार जणांना महागात पडतो. मध्यस्थ संकेतस्थळावरून गाडी ठरवताना थोडे पैसे जास्त भरून ‘संपूर्ण संरक्षण’ घेता येते, किंवा स्वतंत्र विमा कंपनीकडून एक्सेसची भरपाई देणारी पॉलिसी मिळते. दोन्ही प्रकार बहुधा काउंटरवरच्या दरापेक्षा बरेच स्वस्त असतात, आणि माझ्या मते वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा गाडी घेणाऱ्याने स्वतंत्र पॉलिसी घेणेच शहाणपणाचे. पण त्यात गाडीच्या कंपनीला पैसे आधी आपणच द्यायचे असतात आणि नंतर कागदपत्रे पाठवून ते विमा कंपनीकडून परत मिळवायचे असतात. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी “तुमचा विमा इथे चालत नाही” असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो पूर्ण गोष्ट सांगत नसतो, इतकेच. आपल्या कार्डावर रक्कम अडवली जाईल हे आपल्याला मान्य असल्याचे शांतपणे सांगावे. जादा संरक्षण नको असेल तर ते नाकारल्याची नोंद करारपत्रात दिसते की नाही, हेही पाहावे. हल्ली सही छोट्या स्क्रीनवर घेतली जाते आणि स्क्रीनवर सहीची चौकट तेवढी दिसते. सही करण्याआधी मजकूर वर सरकवून एकूण रक्कम वाचून घ्यावी.

आता गाडीची पाहणी. हिच्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत, मग मागे कितीही जण ताटकळत उभे असोत. किल्लीबरोबर जो कागद मिळतो त्यावर गाडीची रेखाकृती असते आणि आधीच्या नुकसानीच्या जागी फुल्या किंवा टिंबे केलेली असतात. तो कागद हातात धरून चालकाच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी आणि गाडीला पूर्ण फेरी घालावी. प्रत्येक चाकाजवळ खाली बसून रिमची कडा पाहावी, कारण फुटपाथला घासल्याच्या खुणा उभ्याने दिसत नाहीत. बंपरची खालची बाजू, दारांखालची पट्टी, आरशांची पाठ, दारांच्या कडा आणि सामान चढवता-उतरवताना घासली जाणारी डिकीची कड, या जागा हमखास सुटतात. पुढची काच आत बसून उजेडाकडे तोंड करून पाहावी. खडा लागून पडलेला तांदळाएवढा डागसुद्धा त्यामुळे दिसतो. छत विसरू नये. आत बसल्यावर आसनांवरचे डाग, स्टेपनी किंवा पंक्चरचे साहित्य, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा पाहावा. गाडी ओली असेल तर ओरखडे दिसत नाहीत, आणि तळघरातल्या पार्किंगच्या मंद दिव्याखाली तर पोचाही झाकला जातो. अशा वेळी गाडी उजेडात आणून देण्याची विनंती करावी किंवा मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहावे; तिरक्या उजेडात पत्र्यातला खळगा लगेच उठून दिसतो.

फोटो काढताना प्रत्येक खुणेचे दोन फोटो असावेत: एक थोड्या अंतरावरून, ज्यात ती गाडीच्या कोणत्या भागावर आहे हे कळेल, आणि दुसरा जवळून, शेजारी नाणे किंवा बोट ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येईल. त्याआधी नंबर प्लेटपासून सुरू होऊन तिथेच संपणारा, मध्ये न थांबवलेला एक व्हिडिओ घ्यावा. जिथे काहीच नुकसान नाही अशा भागांचेही फोटो हवेत. पुढे वाद होतो तो बहुतेक त्यांच्यावरूनच. पार्किंगमधून निघण्यापूर्वी निवडक फोटो कंपनीच्या पत्त्यावर आणि स्वतःलाही ई-मेलने पाठवावेत. मोबाइलमधली वेळ बदलता येते असा आक्षेप कोणी घेऊ शकतो. ई-मेल गेल्याच्या वेळेबाबत तसे म्हणणे अवघड जाते.

पण फोटोंपेक्षा कागदावरची नोंद मोठी. मी एकदा संध्याकाळी उशिरा एका विमानतळाच्या तळघरातून गाडी घेतली होती. कागदावर पुढच्या बंपरवर एकच फुली होती. टॉर्च लावून पाहिल्यावर मागच्या डाव्या रिमवर बोटभर लांबीचा चरा आणि दारावर दोन बारीक खुणा सापडल्या. कर्मचारी हसून म्हणाला, “इतक्या लहान गोष्टी आम्ही लिहीत नाही.” लिहीत नसाल तर तसे लिहून द्या, असे मी म्हटल्यावर त्याने पेनने तिन्ही जागी फुल्या केल्या, वेळ टाकली आणि सही केली. सुमारे तीन आठवड्यांनी त्याच रिमसाठी आकारणीची ई-मेल आली. उत्तरात मी त्या कागदाचा फोटो जोडला, आणि दोन दिवसांत आकारणी रद्द झाली. सही नसती तर हा पत्रव्यवहार किती लांबला असता, कोण जाणे. ‘लहान खुणा धरत नाही’ हे काही कंपन्यांच्या बाबतीत खरेही असते. किती सेंटिमीटरपर्यंतचा ओरखडा झीज मानायचा याचे त्यांचे तक्ते असतात. पण मर्यादा कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून तो तक्ता मागून त्याचा फोटो घ्यावा. आता तर 2025 पासून अमेरिकेत ॲटलांटासह काही विमानतळांवर गाडी कॅमेऱ्यांच्या कमानीतून नेऊन तपासली जाऊ लागली आहे, आणि माणसाच्या नजरेतून सुटणारी खूणही तिथे पकडली जाते. अशा ठिकाणी गाडी नेतानाच्या तपासणीची प्रतही मागून घ्यावी.

प्रवासात खरोखरच काही लागले-घासले तर ते लपवण्यात फायदा नसतो. किरकोळ अपघातातही पोलिसांचा अहवाल नसेल तर संरक्षण रद्द होते, अशी अट बऱ्याच करारांत असते. युरोपात दोन्ही चालकांनी मिळून भरायचा अपघाताच्या निवेदनाचा छापील नमुना बहुधा गाडीतच ठेवलेला असतो. दुरुस्ती मात्र कंपनीला न विचारता परस्पर करू नये.

गाडी परत करण्याची वेळ विमानाच्या वेळेला चिकटून ठेवू नये. कार्यालय उघडे असताना, अर्धा तास हाताशी ठेवून जावे, आणि गाडी चिखलाने माखली असेल तर आधी धुऊन घ्यावी, कारण मळलेल्या गाडीची तपासणी धुतल्यानंतर, म्हणजे आपल्या पाठीमागे होते. कर्मचाऱ्याला सोबत घेऊन पुन्हा तीच फेरी मारावी आणि ‘नवीन नुकसान नाही’ अशी सही किंवा पावती घ्यावी. रात्री किल्ली पेटीत टाकून जावे लागले, तर कर्मचारी तपासणी करेपर्यंतची जबाबदारी अनेक करारांनुसार आपलीच राहते. तेव्हा गाडीचे, पार्किंगच्या जागेच्या क्रमांकाचे, इंधनाच्या काट्याचे आणि पेटीत पडणाऱ्या किल्लीचे फोटो घेऊनच निघावे.

एवढे करूनही आकारणी आली, तर फोनवर वाद न घालता लेखी हरकत नोंदवावी. नुकसानीचे तारीख-वेळेसह फोटो, दोन्ही वेळचे तपासणीचे कागद, दुरुस्तीचे अंदाजपत्रक किंवा बिल, आणि रकमेत दुरुस्ती, कार्यालयीन शुल्क व गाडी बंद राहिल्याची भरपाई यांचा वाटा किती, हे सारे मागावे. कित्येकदा रक्कम प्रत्यक्ष खर्चावर नव्हे, तर ठरलेल्या दरपत्रकावर काढलेली असते. ते दरपत्रक करारात होते का, हे विचारण्यासारखे आहे. युरोपीय आयोग आणि तिथल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणांच्या पाठपुराव्यानंतर 2015 मध्ये पाच मोठ्या कंपन्यांनी पैसे कापण्यापूर्वी ग्राहकाला हरकत घेण्याची संधी देण्याचे मान्य केले होते, त्याचा उल्लेख युरोपातल्या पत्रव्यवहारात उपयोगी पडतो. कंपनीने दाद दिली नाही तर युरोपीय कार रेंटल कन्सिलिएशन सर्व्हिस ही सेवा तिच्या सदस्य कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी पाहते, आणि युरोपीय संघात राहणाऱ्यांना युरोपीय ग्राहक केंद्रांकडेही जाता येते. त्याच वेळी कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर आक्षेप नोंदवावा. त्याची मुदत मर्यादित असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत ती उलटू देऊ नये. स्वतंत्र पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही लगेच कळवावे; तिथे करारपत्र, दोन्ही तपासणी-कागद आणि कार्डाचे विवरण मागितले जाते, म्हणून हे सगळे आणि प्रवासातले फोटो निदान सहा महिने पुसू नयेत.