लेकीच्या बेसमेंटमधला रेडॉन कसा मोजून घेतला

आमच्या अमळनेरकडे जुन्या वाड्यांत धान्याची पेवं असायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर थांबायचं. रेडॉन या किरणोत्सारी वायूपुढे ही युक्ती चालत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि कंदील तर मजेत जळत राहतो. तीस वर्षं बारावीला फिजिक्स शिकवताना युरेनियमची साखळी, म्हणजे ते फुटत फुटत एकातून दुसरं मूलद्रव्य कसं होतं ते, फळ्यावर किती वेळा लिहिली असेल. तिच्यातला वायू लेकीच्या घरात भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

लेक-जावई अमेरिकेत, आयोवा राज्यात. तिथल्या सगळ्या 99 काउंट्या (म्हणजे आपल्याकडचे जिल्हे) रेडॉनच्या सरकारी नकाशावर सर्वाधिक धोक्याच्या गटात आहेत. हिमनद्यांनी पसरलेल्या मातीत युरेनियम, त्यातून रेडियम, त्यातून हा वायू. हिवाळ्यात घर तापवलं की गरम हवा वर जाते आणि बेसमेंटच्या भेगांतून मातीतली हवा आत खेचली जाते. आपण खानदेशी काळ्या पाषाणावर राहतो, त्यात युरेनियम फार कमी. शिवाय बेसमेंट नाहीत, आणि कूलर लावला तरी खिडकी उघडीच. तेव्हा जळगाव-धुळ्यात कुणी मीटर शोधत फिरू नये. ज्यांची मुलं आयोवा, पेनसिल्व्हेनियात घर घेताहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पेनसिल्व्हेनियाचं नाव उगाच घेतलं नाही. 1984 च्या डिसेंबरात तिथल्या अणुवीज केंद्रातला इंजिनिअर स्टॅनली वॉट्रस कामावर आत शिरताना किरणोत्साराचा अलार्म वाजवू लागला. केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं. शोधलं तर किरणोत्सार त्याच्या घरून येत होता. घरात लिटरभर हवेत सुमारे 2700 पिकोक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) रेडॉन निघाला. अमेरिकेची कारवाईची पातळी, म्हणजे जिथे उपाय करायला सांगतात ती, आहे 4.

4 म्हणजे किती? एका घनमीटर हवेत दर सेकंदाला 148 अणू फुटणं. रेडॉन स्वतः श्वासाबरोबर येतो आणि जातो. त्याच्यापासून होणारं पोलोनियम फुप्फुसाला चिकटतं, खरं नुकसान, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका, त्याच्यामुळेच. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर धोका कितीतरी वाढतो.

आता मोजणारा माणूस कसा निवडायचा. आयोवात मोजणाऱ्याला राज्याचं लायसन्स लागतं. ते मागून बघा. लायसन्सची सक्ती नसलेल्या राज्यांत राष्ट्रीय सर्टिफिकेट विचारा. यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतं का याची तपासणी, शेवटची कधी झाली तेही विचारा, वर्षाच्या आतली हवी. माझा हट्ट एवढाच होता की जो मोजतो त्यानेच उपायाचा, म्हणजे रेडॉन घराबाहेर काढायचा, पंखा विकू नये. जावयाला सापडलेला पहिला माणूस मोजण्याआधीच पंख्याचा भाव सांगू लागला. त्याला नमस्कार केला.

यंत्र मागाल तर दर तासाचं रीडिंग नोंदवणारं मागा. रेडॉन शोषून घेणारी कोळशाची डबी स्वस्त असते, पण ती सरासरीचा एकच आकडा देते आणि लॅबला लगेच पाठवावी लागते, कारण रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो. तासातासाचा आलेख का हवा ते आम्हाला चांगलंच कळलं.

नियम असा: मोजणी किमान 48 तास, आणि तिच्या आधी 12 तासांपासून सगळ्या खिडक्या-दारं बंद. येण्याजाण्यापुरतं दार उघडलेलं चालतं. यंत्र ठेवायचं घरातल्या सगळ्यात खालच्या वापरातल्या मजल्यावर, जमिनीपासून हातभर वर, खिडकी आणि बाहेरच्या दारापासून तीन फूट लांब. स्वयंपाकघर आणि बाथरूम नको. वादळी वारा असेल तर तारीख पुढे ढकला.

आम्ही सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हिला भरीत करायची हुक्की आली. वांगी तिथली, बामणोदच्या वांग्याची सर कुठून येणार, पण भाजली. धुराचा अलार्म बोंबलायला लागला आणि हिने खालपासून वरपर्यंत सगळ्या खिडक्या उघडल्या. मी ओरडलो तर म्हणाली, "घरमा धूर व्हयना, मंग काय करू?" टेस्टरने यंत्र उघडलं, आलेखात दुपारी दोनला खड्डा. सरासरी 3.6 आली होती, म्हणजे कागदावर पास. डबी असती तर आम्ही खुशीत झोपलो असतो. तो म्हणाला, ही मोजणी बाद. पुन्हा बंद घरात 48 तास मोजलं तर 6.3.

एवढ्यावर घाबरू नये. आकडा ऋतूप्रमाणे हलतो. 4 ते 8 च्या मध्ये असेल तर दुसरी लांब मोजणी, 90 दिवसांहून जास्त, करून ठरवता येतं. 8 च्या वर असेल तर लगेच दुसरी छोटी मोजणी करा. आमच्याकडे नातवाची खेळायची खोली बेसमेंटमध्येच, म्हणून आम्ही थांबलो नाही. बेसमेंटच्या काँक्रीटला भोक पाडून खाली पाइप घालतात, पंख्याने मातीतली हवा ओढून छपराच्या वर सोडतात. काम एका दिवसात झालं. भेगा नुसत्या सिमेंटने बुजवून भागत नाही, हे पंखा बसवणाऱ्याने आपणहून सांगितलं.

पंखा लागल्यावर 24 तास थांबून, 30 दिवसांच्या आत पुन्हा मोजायचं, तेही पंखा लावणाऱ्याकडून नको. आमचं 0.9 आलं. त्यानंतर दर दोन वर्षांनी. पुढची मोजणी येत्या जानेवारीत आहे. त्या दोन दिवसांत वांगी अंगणात बर्फात उभं राहून भाजायची, असं हिच्याकडून कबूल करून घेतलंय.