बोटुकली सोडण्याआधी तळ्याचे पाणी कसे पारखावे

पूर्व विदर्भात धानावर खोडकिडा आणि तुडतुड्यांसाठी फवारणी चालू असते, त्याच दिवसांत बोड्यांमध्ये (लहान तळ्यांमध्ये) आणि मामा तलावांमध्ये (जुन्या मालगुजारी तलावांमध्ये) रोहू, कटला, मृगळ या माशांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली जाते. बांधीतून (धानाच्या शेतातून) उतरलेले औषध त्या पिल्लांना किती बाधेल, हे त्याच्या मात्रेइतकेच पाण्याच्या गुणांवरही ठरते. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग माणसाला असलेला धोका सांगतो, माशाला असलेला नव्हे, हे विक्रेतेही क्वचितच सांगतात.

सामू (पीएच) पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास असा दोनदा मोजावा, कारण हिरवट पाण्यात शेवाळामुळे तो दुपारी चढतो. अल्कधर्मी पाण्यात ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीटकनाशक गटांतील बहुतेक औषधे लवकर विघटित होतात. याउलट २,४-डी हे तणनाशक आम्लधर्मी पाण्यात कल्ल्यांतून अधिक सहज शिरते. तरीही सामू चढवण्यासाठी भरमसाट चुना टाकू नये, कारण त्याने अमोनियाचे विषारी रूप वाढते.

तांबेयुक्त औषधांच्या बाबतीत अल्कता (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) आणि कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) सर्वांत महत्त्वाचे आहेत. संत्र्याच्या बागेत डिंक्या रोगासाठी वापरलेले बोर्डो मिश्रण (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना) पावसाच्या पाण्याने भरलेल्या, प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात वाहून आले, तर ते विहिरीच्या कठीण पाण्यात असते त्यापेक्षा कितीतरी घातक ठरते. कठीण पाण्यातील कॅल्शियम कल्ल्यांवरची जागा अडवते आणि कार्बोनेट तांब्याला बांधून ठेवते. अल्कता लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर शेवाळ मारण्यासाठी मोरचूद मुळीच टाकू नये.

सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांपासून मात्र कठीण पाणी वाचवत नाही. लिटरला काही मायक्रोग्रॅमही पिल्लांना पुरतात आणि थंड पाण्यात हे विष अधिक चढते. गाळ आणि सेंद्रिय पदार्थ त्याला धरून ठेवतात, म्हणून नितळ, अस्तर घातलेले तळे अधिक धोक्याचे.

निर्णय घेण्यापूर्वी दोन सारख्या बादल्या सावलीत ठेवाव्यात. एकीत बांधीचे पाणी उतरते त्या तोंडाजवळचे तळ्याचे पाणी आणि दुसरीत विहिरीचे, रात्रभर हवेशी ठेवलेले पाणी घ्यावे. दोन्हींचे तापमान सारखे झाल्यावर प्रत्येकीत दहा बोटुकली सोडून, खाद्य न देता आणि हवा देत ४८ तास पाहावे. तोल जाणे, गिरक्या घेणे, पृष्ठभागाशी श्वास घेणे ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. दोन्हींकडे पिल्ले मेली, तर दोष बहुधा वाहतुकीत किंवा मत्स्यबीजात शोधावा. फक्त तळ्याच्या पाण्यात मेली, तर आवक बंद करून, काही दिवसांनी तीच चाचणी नव्या पिल्लांवर पुन्हा करावी.