घरच्यांसाठी डेक बोट निवडताना या चुका टाळा

डेक बोट घेणारा माणूस ती बहुतेकदा पहिल्यांदा ट्रेलरवर बघतो. शिडी चढून वर जातो, सोफ्यावर बसून बघतो, पोरं पुढच्या गादीवर लोळतात आणि मनातल्या मनात सौदा तिथेच ठरतो. पुढे वर्षभर ज्या तक्रारी होतात, त्यांतल्या निम्म्या तरी याच अर्ध्या तासातून निघालेल्या असतात. जमिनीवरची बोट फक्त बैठक दाखवते. माणसं भरल्यावर ती किती खाली बसते आणि लाटेवर कशी वागते, ते पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही.

मुळात डेक बोटीचं वैशिष्ट्य तिच्या नाकात आहे. साध्या स्पीडबोटीचं नाक निमुळतं असतं, हिचं रुंद, जवळजवळ चौकोनी. त्यामुळे तेवढ्याच लांबीत पुढे जास्त माणसं मावतात. बूड मात्र पाँटून बोटीसारखं अॅल्युमिनियमच्या नळ्यांचं नसतं, ते फायबरग्लासचं आणि व्ही आकाराचं असतं. म्हणून ती वेग घेते आणि नीट वळते. लांबी साधारण १८ ते २६ फूट. या रुंद नाकाची किंमत खडबडीत पाण्यात मोजावी लागते, तिथे ते लाट कापण्याऐवजी तिच्यावर आपटतं. रोज दुपारी वारा सुटणाऱ्या मोठ्या जलाशयावर किंवा उघड्या खाडीत फिरायचं असेल, तर बुडाचा व्ही खोल असलेली बोट बघा आणि डेक बोटीचा मोह सोडा.

सीटा मोजून माणसं ठरवणं

बारा जणांची बैठक दिसली म्हणजे बारा माणसं चालतात, असं नाही. बोटीवर क्षमतेची पाटी असते. माणसांची संख्या आणि एकूण वजन, दोन्ही तिच्यावर वाचा. युरोपीय मानकांच्या बोटींवर ए ते डी असा वर्गही असतो. सी म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापाने ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतची लाट, डी म्हणजे ४ पर्यंतचा वारा आणि जेमतेम ०.३ मीटरची लाट. एकाच बोटीला शांत पाण्यात दहा आणि खवळलेल्या पाण्यात आठच माणसं चालतात, असंही पाटीवर लिहिलेलं सापडेल. विक्रेता सांगताना अर्थातच दहा सांगतो.

सगळ्यांनी पुढे बसणं

पुढच्या बाजूला वारा लागतो, नजारा दिसतो, त्यामुळे सगळ्यांना तिथेच बसायचं असतं. डेक बोटीत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. तक्रार ठरलेली: ‘चांगली चालली होती, वेग कमी केला आणि पाणी एकदम नाकावरून आत आलं.’ होतं असं की पुढे पाच-सहा जण असताना थ्रॉटल (वेगाचा दांडा) झटकन मागे ओढला की नाक खाली बसतं. समोरून दुसऱ्या बोटीने उठवलेली लाट येत असेल, तर ती सरळ पोरांच्या मांडीवर. मागून आपलीच लाट येऊन बोटीला ढकलते, ते वेगळंच.

उपाय साधा आहे. वजनदार मंडळी मागे आणि दोन्ही बाजूंना सारखी बसवा. लाट आधीच हेरून वेग हळूहळू उतरवा, पण पूर्ण बंद करू नका, थोडा जोर ठेवलात तर नाक वर राहतं. लाटेला नाक सरळ भिडवण्यापेक्षा जरा तिरकं घ्या. आणि बोट वेगात असताना कुणीही नाकाच्या कडेवर पाय सोडून बसायचं नाही. मामांनीसुद्धा नाही.

याच्या उलट, वजन मागे फार झालं किंवा इंजिनाचा ट्रिम, म्हणजे त्याचा वर-खाली कल, जास्त वर गेला, तर बोट घोड्यासारखी उसळत चालते. ट्रिम थोडा खाली घ्या, एक-दोघांना पुढे पाठवा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं.

चाचणी एकट्याने घेणं

विक्रेता आणि तुम्ही, टाकीत चार थेंब पेट्रोल. अशी कुठलीही बोट पळते. नेहमी जेवढे जाणार तेवढे जण आणि तेवढंच सामान घेऊन चाचणी घ्या. बोट पाण्यावर उचलली जायला किती वेळ लागतो ते बघा. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे कंपनीने दिलेल्या मर्यादेत येतात का, तेही बघा. बऱ्याच आउटबोर्डना, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनांना, ही मर्यादा ५,००० ते ६,००० असते. भरलेली बोट ४,६०० वरच अडकत असेल, तर मोठं इंजिन मागण्याआधी पाण्यातल्या पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो कागदोपत्री जेवढा पुढे सरकतो ते अंतर, तपासा. पिच १ इंचाने कमी केला की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, आणि पंखा बदलणं इंजिन बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

इंजिन फक्त ताकदीवर निवडणं

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आत दडलेलं असतं. वर आडवं पडायला गादी मिळते आणि मागे पोहण्याचा पाट अखंड राहतो. पण तिचा पाय, म्हणजे पंखा बसवलेला बाहेरचा भाग, पाण्यातून पूर्ण बाहेर येत नाही आणि पाणी आत येऊ न देणारे रबरी बेलोज वेळेवर बदलावे लागतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने इंजिनाच्या खोलीत साचते. सुरू करण्याआधी ती बाहेर फेकणारा ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवायचा आणि नाकाने वासही घ्यायचा. आउटबोर्ड पूर्ण वर उचलता येतो, म्हणून खाऱ्या पाण्यात बोट उभी राहणार असेल तर मी डोळे मिटून तोच घेईन. तिथे मागचा पाट दुभंगतो, हे सोसायचं. खाऱ्या पाण्यातली फेरी झाली की दोन्ही प्रकारची इंजिनं गोड्या पाण्याने धुवायलाच हवीत.

कुठलंही इंजिन असो, पोरं पाण्यात उतरण्याआधी ते बंद करा. न्यूट्रलवर ठेवणं पुरेसं नाही. मागच्या बाजूला कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे इंजिन चालू असताना मागच्या पाटावर कुणीही बसायचं नाही. दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेलीच हवी.

ज्या गोष्टी कुणी विचारत नाही

शिडीच्या निदान दोन-तीन पायऱ्या पाण्याखाली जातात का, हे पाण्यात उतरूनच बघा. दमलेल्या माणसाला वरच्या वर लटकणारी शिडी चढता येत नाही. छत पुढच्या बैठकीवर येतं का? बहुतेकदा येत नाही. सोबत आजी किंवा लहान मूल असेल, तर शौचालयाची बंदिस्त जागा ही चैन राहत नाही. दिवसभर गाणी लावून संध्याकाळी इंजिन सुरू होत नसेल, तर दोष इंजिनाचा नाही, एकाच बॅटरीचा आहे. दोन बॅटऱ्या आणि मधे स्विच घ्या.

ट्रेलर ओढायचा असेल तर माहितीपत्रकातल्या वजनावर विसंबू नका, ते बहुतेकदा कोरडं, म्हणजे इंधन आणि सामानाशिवायचं असतं. एक लिटर पेट्रोल जवळपास ७५० ग्रॅम भरतं, म्हणजे १५० लिटरची भरलेली टाकी झाली ११० किलोंच्या वर. त्यात ट्रेलरचं वजन आणि सामान मिळवा.

जुनी बोट घेताना अनवाणी चाला. बोटीची जमीन पायाखाली दबली तर आतलं लाकूड कुजलेलं असण्याची दाट शक्यता. आउटबोर्ड हाताने वर-खाली हलवून मागची भिंत हलते का बघा, हलली तर तिथून निघा.

आणि पहिल्याच फेरीत बोटीत पाणी भरू लागलं, तर तळाला तडा शोधण्याआधी पाणी काढायच्या भोकाचं बूच बघा. ते लावायला विसरणारे नवखेच असतात असं नाही. आमच्याकडे बोट पाण्याबाहेर असेपर्यंत बूच किल्लीलाच बांधलेलं असतं.