बोनेअरला पहिलं स्कूबा: हॉटेल कसं निवडावं

पहिल्यांदाच स्कूबा शिकायला कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर जाताय? हॉटेलचे फोटो नंतर बघा, आधी नकाशा उघडा.

१. हॉटेल पश्चिम किनाऱ्यावरचंच घ्या. वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे तिकडे लाटा उसळतात आणि पश्चिमेचं पाणी बहुधा शांत असतं.

२. 'हाऊस रीफ आहे का?' हे ईमेलने विचारा. म्हणजे हॉटेलसमोरच समुद्रात प्रवाळ असतं आणि हॉटेलच्या धक्क्यावरून थेट पाण्यात उतरता येतं. नवशिक्याला याचा फार फायदा. बोट नाही, मळमळ नाही, धीर सुटला तर दोन मिनिटांत किनाऱ्यावर. फक्त 'बीचफ्रंट' लिहिलेलं असेल तर भुलू नका. वाळू असते, प्रवाळ असेलच असं नाही.

३. डाइव्ह सेंटर हॉटेलातच आहे का आणि एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. गोलगोल उत्तर आलं तर दुसरं हॉटेल बघा.

दमा किंवा कानाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवा.

आणि परतीच्या विमानाआधीचे किमान १८ तास डाइव्ह नको. शेवटचा दिवस वाळूवर लोळायला ठेवा.